धाकटं खातं, थोरलं खातं

माझ्या वहिनीला मूल एकच, जुई. पण नवखा माणूस तिच्या घरी जेवायला आला आणि जरा वेळ बसला, की त्याची खात्री पटायची, या बाईला आणखी दोन मुलगे आहेत. "धाकट्याचं बरं चाललंय हो सध्या." "थोरल्याला कोणी हात लावायचा नाही, सांगून ठेवते." "थोरल्याची भूक मोठी, त्याला आत्तापासून घालावं लागतं." दादाच्या कारखान्यात बदलून आलेले एक साहेब एकदा निघताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मुलगे हॉस्टेलला असतात वाटतं?"

मुलगे कसले, बँकेतली खाती होती ती. धाकटं खातं जुईच्या पदवीसाठी, थोरलं तिच्या वकिलीच्या शिक्षणासाठी.

वहिनीचं नाव मंजूषा मोहरील. माहेर मूळचं नागपूरचं. राज्यांची फेररचना होऊन सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा तिचे आजोबा इकडे आले आणि इथलेच झाले. वहिनी जन्मली, शिकली, बी.कॉम. झाली ती भोपाळातच. पुण्याचे आमचे नातेवाईक तिच्या बोलण्याला हसतात, कारण ती "काय करून राहिलीस?" असं विचारते आणि भाजी महाग वाटली की "काय लुटून राहिले हे लोक!" म्हणते. माझा भाऊ शैलेंद्र भोपाळातल्याच पिपलानी भागातल्या कारखान्यात, तपासणी विभागात. दिवसभर लोखंडाच्या तुकड्यांत खोट काढायची, आणि घरी आल्यावर कशातही खोट काढायची नाही, असा त्याचा स्वभाव. वहिनी क्वार्टरच्या व्हरांड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते. पिपलानीतली निम्मी मुलं डेबिट कुठलं आणि क्रेडिट कुठलं हे तिच्याच व्हरांड्यात शिकली.

खात्यांची गोष्ट सुरू झाली महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात. जुई तेव्हा सातवीत. लहान मुलांचा कार्यक्रम होता, एकेकाने माइकवर येऊन मोठेपणी कोण होणार ते सांगायचं. जुईने सांगितलं, "मी वकील होणार." सभागृहात टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर "वा!" म्हणून मांडीवर थाप मारली. मी वहिनीच्या शेजारी बसले होते. टाळ्या थांबल्या तरी तिच्या थांबल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली आणि दोन खाती उघडून आली. दादाच्या पगारातून जे वाचेल ते धाकट्यात, तिच्या शिकवण्यांचे पैसे थोरल्यात. कायदा एकच. धाकटं उपाशी मरत असलं तरी थोरल्यातून त्याला घास द्यायचा नाही.

"अगं, पण पैसे पैशासारखेच ना?" मी म्हणाले.

"नाही. एकत्र ठेवले की आधी येणारा खर्च सगळे खाऊन टाकतो. कॉलेज आधी येतं. वकिली बिचारी मागाहून येते, तोवर भांडं रिकामं."

हे ती एखाद्या नातेवाइकाचा दुःखद अनुभव सांगावा तशी म्हणाली. कोणाचा अनुभव, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

जुई बारावी झाली तेव्हा घरी मोठी चर्चा झाली. वकील व्हायचे रस्ते दोन. एक, बारावीनंतर सरळ पाच वर्षांचा अभ्यासक्रम, ज्यात पदवी आणि वकिली एकाच ताटात वाढून मिळते. दुसरा, आधी तीन वर्षांची कुठलीही पदवी आणि मग तीन वर्षांची वकिली. जुईने पाच वर्षांसाठीची प्रवेशपरीक्षा दिली होती, पण नावाजलेल्या सरकारी विद्यापीठात बसेल असा क्रमांक काही आला नाही. राहिली खाजगी विद्यापीठं. वहिनीने ठरवलं, घ्यायच्या आधी माल बघून यायचा. मला सोबत नेलं.

शहराबाहेरचं ते विद्यापीठ काचेचं होतं. आत शिरल्याबरोबर एका टाय लावलेल्या मुलाने आम्हाला थंडगार पाणी दिलं आणि सोफ्यावर बसवून पाच वर्षांचे बारा-तेरा लाख आमच्यासमोर मांडले.

वहिनीने कागद वर-खाली पाहिला. "ये 'विविध शुल्क' क्या है?"

"मॅम, विविध सुविधाओं का."

"सुविधाओं का तो ऊपर अलग लगाया है."

मुलगा हसला. "मॅम, इस हफ्ते अ‍ॅडमिशन लेंगे तो बीस परसेंट की छूट है. सीटें बहुत जल्दी भर रही हैं."

वहिनी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "बिट्टन मार्केटच्या हाटात संध्याकाळी पालकवाला असाच बोलतो. गड्डी सुकायला लागली की." मग त्याच्याकडे वळून अतिशय गोड आवाजात, "बेटा, भर रही हैं तो छूट क्यों?"

मुलाने टाय सैल केला आणि आतून आपल्या साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी सूट पंचवीस टक्के केली. वहिनीने पाणी संपवलं, धन्यवाद दिले आणि आम्ही बस पकडून परत आलो. बसमध्ये ती म्हणाली, "दोन मिनिटांत पाच टक्के उतरला. तासभर बसले असते तर पाणी प्यायल्याचे पैसे त्यानेच दिले असते."

घरी येऊन तिने निकाल सांगितला. पदवी सरकारी कॉलेजातून, जवळजवळ फुकटात. धाकटं खातं त्यात आरामात निभेल. थोरलं तीन वर्षं आणखी फुगेल. मग देशातल्या चांगल्यात चांगल्या ठिकाणी तीन वर्षांची वकिली.

"आणि पदवी कुठलीही चालते?" जुईने विचारलं.

"कुठलीही. वकिलीला सगळ्या सारख्या."

"मग मी भूगर्भशास्त्र घेते."

"दगड?" वहिनी ओरडली. "दगड कशाला?"

"तूच म्हणालीस ना, कुठलीही चालते."

दादा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "बघ, वकील तर झालीच आहे." विषय तिथे संपला. पोरगी किती चटकन तयार झाली हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी आत्या. आत्याने सगळं बघायचं आणि भजी खायची.

पुढची तीन वर्षं जुई दगडांत रमली. नर्मदेच्या काठावरून, पचमढीच्या डोंगरातून ती पिशव्या भरभरून दगड आणायची. क्वार्टरच्या खिडक्यांत, कुंड्यांत, देवघराच्या खालच्या फळीवर दगड झाले. वहिनीने एकदा पूजा करताना चुकून एका गारगोटीला हळदकुंकू वाहिलं.

आणि वहिनी? वहिनी वकिलीत रमली.

त्याचं असं झालं की जुईसाठी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून वकिलीच्या प्रवेशपरीक्षेची जाडजूड पुस्तकं आणली होती. जुई त्यांना हात लावेना. वहिनीला वाया जाणारी वस्तू बघवत नाही. ती शिळ्या पोळीचा कुस्करा करते, तशीच तिने ती पुस्तकं वाचायला घेतली. आधी म्हणाली, "आपण काय विकत घेणार आहोत ते कळायला नको?" मग म्हणाली, "जुईला शिकवावं लागलं तर?" मग काहीच म्हणेनाशी झाली, नुसती वाचायला लागली. शिकवणीची मुलं गेली की व्हरांड्यातल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि पेन्सिलीने खुणा करायची.

आणि शिकलेलं लगेच वापरायची. पिपलानीच्या बाजारातला श्याम टेलर तिच्या ब्लाउजला दर वेळी उशीर करायचा. एरवी ती दोन शब्द सुनावून परत यायची. या वेळी तिने काउंटरवर हात ठेवला आणि म्हणाली, "श्याम भैया, तुमने प्रस्ताव रखा, मैंने स्वीकार किया, और आधे पैसे पहले दिए. ये करार हो गया. अब तुमने करार तोड़ा है. नुकसान मेरा हुआ, शादी में मैंने पुरानी साड़ी पहनी. बताओ, भरपाई कैसे करोगे?"

श्याम टेलरने टेप गळ्यातून काढला. "भाभीजी, आप मशीन ही ले जाओ."

भरपाई म्हणून त्याने दोन फॉल-पिको फुकट करून दिले. वहिनीने हे आम्हाला इतक्यांदा सांगितलं की शेवटी दादा जेवताना फॉल-पिको शब्द ऐकला की ताट घेऊन आत जायचा. शेजारच्या लिंबाची फांदी आपल्या अंगणात आली तर लिंबं कोणाची, यावर ती शेजारणीशी वाद घालायला गेली आणि शेवटी लिंबं शेजारणीचीच आहेत असं स्वतःच सिद्ध करून परत आली. शेजारीण इतकी गोंधळली, की तिने अर्धी लिंबं पाठवून दिली.

या काळात थोरल्यावर हल्ले कमी झाले नाहीत. दादाची स्कूटर चढावर दम टाकायला लागली होती. त्याने एकदा नुसतं म्हटलं, "थोरल्याकडून थोडे उसने..." वहिनी म्हणाली, "बस जाते कारखान्यापर्यंत." जुईने चांगला लॅपटॉप मागितला. धाकट्यातून जुना मिळाला, ज्याचं झाकण उघडं राहावं म्हणून त्याच्यामागे एक दगड ठेवावा लागे. दगड मात्र मुबलक होते.

जुईचं शेवटचं वर्ष संपत आलं तेव्हा एका संध्याकाळी ती माझ्याबरोबर बिट्टन मार्केटच्या हाटात आली. ही मुलगी भाजी आणायला स्वतःहून कधी आलेली नाही, त्यामुळे मी सावध होते. मी भेंडी निवडत होते.

"आत्या, सुन ना. मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. भूगर्भशास्त्र. उत्तराखंडातल्या मोठ्या संस्थेत. अखिल भारतीय परीक्षा दिली होती मी."

"अरे वा! आणि वकिली?"

"मला वकील व्हायचंच नाहीये."

माझ्या हातातली भेंडी खाली पडली. भाजीवाली म्हणाली, "दीदी, तोड़ के मत देखो." मी म्हटलं, मी काही तोडलं नाही, या मुलीने तोडलंय.

"कधीपासून नाहीये?"

"पहिल्यापासून," जुई म्हणाली. "मंडळात मी 'शास्त्रज्ञ' म्हणणार होते. पण माझ्या आधीच्या मुलाने तेच सांगितलं आणि त्याला टाळ्याच पडल्या नाहीत. मग मला जे सुचलं ते मी म्हटलं. आणि आई इतकी खूश झाली, आत्या, इतकी खूश झाली की नंतर सांगायला तोंडच उघडेना. प्रत्येक वाढदिवसाला वाटायचं, यंदा सांगू. तेवढ्यात ती म्हणायची, आज थोरल्यात पाचशे जास्त टाकले. तू सांग ना तिला."

"मी? मला अजून पिपलानीला जेवायला जायचं असतं."

पण पोरगी रडकुंडीला आली होती. मी मधला मार्ग काढला. रविवारी सगळ्यांना कोलार रोडला माझ्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. वडाभात केला, सांबारवडी केली. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीच्या सारणाची वडी, वहिनीचा जीव की प्राण. भरल्या पोटाने माणूस कमी रागावतो, असा माझा हिशेब.

वहिनी खुशीत आली. पिशवीत चार लॉ कॉलेजांची माहितीपत्रकं. तिसरी वडी खाताना तिने विषय काढला, "जुई, बंगलोरचं एक आहे, आणि दिल्लीचं तर..."

"आई, मी लॉ करणार नाही."

मग तिने सगळं सांगितलं. मंडळातला माइक, आधीचा मुलगा, न पडलेल्या टाळ्या, एम.एस्सी.चा प्रवेश. दादा जेवायचा थांबला. माझ्या स्वयंपाकघरातला कुकरसुद्धा शिट्टी द्यायचा थांबला होता.

वहिनीने हातातली वडी ताटात ठेवली आणि मग तिने जे विचारलं ते आम्हा कोणालाच अपेक्षित नव्हतं.

"मग थोरल्याचं काय?"

जुईला हसू फुटलं. ते फुटायला नको होतं. वहिनीचा आवाज चढला. "हसू नको! इतकी वर्षं मी घरात पनीर मोजून आणलं. तुझ्या बाबांना बसने पाठवलं. माझ्या शिकवण्यांचा एक रुपया इकडचा तिकडे केला नाही. आणि कशासाठी, तर तुझ्या आधीच्या मुलाला टाळ्या पडल्या नाहीत म्हणून?"

"आई, मी सॉरी आहे ना..."

"सॉरी हा मोबदला नाही!" वहिनी उठून गॅलरीत गेली.

मी तिच्या मागे गेले. समोर नवीन इमारतीचं काम चाललं होतं, मिक्सर घरघरत होता. वहिनी कठड्याला धरून उभी. डोळे पुसलेले, पण पुसल्याचं कळू नये अशा बेताने.

"वहिनी, अगं तिला आवडतं ते करू दे की."

"करू दे. तिला मी अडवून राहिले का? दगडांत तिचा जीव आहे ते मला दिसत नव्हतं असं वाटतं तुला? माझ्या देवघरात ठेवलेत तिने." ती थांबली. मिक्सरही थांबला, त्यामुळे तिचं पुढचं वाक्य जरा मोठ्याने ऐकू आलं. "मला राग वेगळाच आलाय. आता मी ती पुस्तकं कोणाच्या नावाने वाचू?"

मग तिने मला ते सांगितलं, जे मी इतकी वर्षं विचारलं नव्हतं. बी.कॉम.नंतर तिला स्वतःला वकिली करायची होती. तिच्या वडिलांची, अप्पांची, ना नव्हती. पण घरात शिक्षणाची पुंजी एकच होती आणि ती सगळी मिळून होती. आधी भाऊ विनायकचं इंजिनिअरिंग आलं, मग त्याचं हॉस्टेल, मग आणखी काही. तिची पाळी आली तेव्हा भांडं रिकामं होतं. "कोणाची चूक नव्हती गं. अप्पांना नंतर फार वाईट वाटायचं. म्हणून मी दोन खाती केली."

गॅलरीच्या दारात दादा येऊन उभा होता, हातात सांबारवडी. त्याने ती खाऊन संपवली आणि म्हणाला, "मंजू, थोरलं खातं कशासाठी आहे?"

"वकिलीसाठी."

"मग कर ना वकिली."

"अहो, काहीतरीच! जुईच्या..."

"जुईच्या शिक्षणाचं धाकटं. थोरल्यात सगळे तुझ्या शिकवण्यांचे पैसे. वकिली कोणी करायची, हे तू कधी ठरवून दिलं होतंस? मी तरी ऐकलं नाही."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी कठड्याकडे पाहिलं.

"मी पन्नाशीला वकील होणार? आणि मग काय करणार?"

"भांडशील. आत्ताही भांडतेसच, पण फुकट."

त्या दिवशी ती हो म्हणाली नाही. वहिनी असं चटकन हो म्हणणारी नाही. तिने स्वतःला त्या काचेच्या विद्यापीठातल्या मुलासारखं समोर बसवलं आणि आठवडाभर उलटतपासणी घेतली. वयाची अट आहे का? नाही. बी.कॉम.चे मार्क पुरतात का? पुरतात. शिकवण्या बंद कराव्या लागतील का? नाही, संध्याकाळी चालतील. बंगलोर-दिल्लीला जायचं का? छे, स्वयंपाकाचं काय, आणि एवढी फी घालून निवृत्तीच्या वयात ती वसूल कधी होणार? शेवटी शहरातलंच एक जुनं, पंख्यांचं, कमी फीचं लॉ कॉलेज तिने पक्कं केलं. हिशेब मांडल्यावर तिला शोध लागला, की तिची सगळी वकिली झाली तरी थोरल्यात भरपूर उरतं. जुईच्या हॉस्टेलला मात्र धाकटं कमी पडत होतं.

मग तो ऐतिहासिक प्रसंग घडला. वहिनी, दादा, जुई आणि मी, चौघं बँकेत गेलो आणि थोरल्यातून धाकट्यात पैसे वळते केले. हे काम फोनवर होतं, दादाने तसं सांगूनही पाहिलं. वहिनी म्हणाली, "अशी गोष्ट फोनवर करतात का?" खिडकीमागच्या बाईने वहिनीने पुढे केलेला पेढा घेतला आणि विचारलं, "किस खुशी में?" वहिनी म्हणाली, "बड़े ने छोटे को संभाल लिया." त्या बाईने मुलांची नावं विचारली.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी वहिनी कांजीवरम नेसून गेली. मी सांगितलं होतं साधं काहीतरी घाल. फाटकावरच्या शिपायाने तिला बघून अदबीने हात केला, "पेरेंट्स उधर बैठिए." तिथे पंखा चांगला होता म्हणून ती बसली. शेजारी एका मुलाचे वडील होते, सागर गावाहून आलेले. ते हॉस्टेलच्या अनामत रकमेची चिंता करत होते. वहिनीने त्यांना पावती कशी मागायची, काय लिहून घ्यायचं, सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, "आपका बच्चा कौन से साल में है?"

"मैं ही पहले साल में हूँ," म्हणून ती घाईने उठली, तोवर वर्गातली हजेरी होऊन गेली होती.

सागरच्या त्या गृहस्थांचा मुलगा तुषार पुढे तिच्याच बाकावर बसू लागला. वर्गाने तिला आधी "आंटी" म्हटलं, मग "मॅम", आणि परीक्षा जवळ आली तसं "मंजू दी". डबा मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा होता.

पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा धक्का बसला. बाकी विषयांत उत्तम मार्क, आणि करार कायद्यात, तिच्या लाडक्या विषयात, ती जेमतेम पास. ती थेट प्राध्यापकांकडे गेली. त्यांनी उत्तरपत्रिका काढून दाखवली. पहिल्याच उत्तरात चार पानं श्याम टेलर होता. त्यांनी समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'दर्जी बहुत अच्छा है. धारा कहाँ है?'

त्या संध्याकाळी जुईचा फोन आला, हिमालयातल्या कुठल्याशा कड्यावरून.

"आई, हे काय मार्क आहेत? अभ्यास करतेस की नुसती डबे वाटत फिरतेस?"

"अगं, मी उदाहरण फार सविस्तर..."

"कलमं पाठ कर. रोज पाच. मी रात्री विचारणार. फी भरलीये आपण!"

वहिनी मुकाट्याने "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर दादाने मान दुसरीकडे वळवली, कारण तो हसत होता. त्यानंतर जुई खरंच कलमं विचारायची आणि वहिनी भांडी विसळता विसळता म्हणून दाखवायची. नळाचा आवाज मध्ये आला की जुईला संशय येई, आई अडली.

ती पास झाली. पहिल्या वर्गात. जुईची एम.एस्सी. तिच्या आधी झाली, आणि आता ती राजस्थानात खाणींच्या सर्वेक्षणावर असते. वहिनीला सनद मिळाली, काळा कोट आला, आणि ती दुबे नावाच्या एका ज्येष्ठ वकीलबाईंच्या हाताखाली जिल्हा न्यायालयात जाऊ लागली. पहिले काही महिने तिचं काम म्हणजे फायली उचलणं आणि तारीख विचारणं. तिला वाटलं होतं, सनद मिळाली की लगेच वाद. इथे सगळे वाद पुढच्या तारखेला असतात.

मग एका सोमवारी दुबे मॅडम दुसऱ्या कोर्टात अडकल्या आणि म्हणाल्या, "मोहरील, आज आप खड़ी हो जाइए." एका म्हातारीच्या घरभाड्याचं प्रकरण होतं. दादाने रजा टाकली, मीही ऑफिसातून निघाले. आम्ही दोघं मागच्या बाकावर, शाळेतल्या नाटकाला आलेल्या पालकांसारखे बसलो.

नाव पुकारलं. वहिनी उठली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "वकील साहिबा, तैयारी है?"

"पूरी है, श्रीमान."

समोरच्या पक्षाचा वकील आलाच नव्हता. न्यायाधीशांनी मान हलवली, पुढची तारीख सांगितली, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. वहिनी तोंड उघडून तशीच उभी. बाजूच्या कारकुनाने तिच्या कोपराला हलकेच फाइल लावली तेव्हा ती हलली.

बाहेर कॅन्टीनमध्ये आम्ही समोसे मागवले. वहिनी धुमसत होती. "मी दोन दिवस तयारी केली! एक शब्द बोलू दिला नाही!"

दादाने समोशाचा तुकडा मोडला. "मला सांग. मी समोरचा वकील."

"तुम्हाला काय कळतंय?"

"म्हणूनच तर. मला पटलं तर न्यायाधीशाला पटेल."

आणि तिने खरंच मांडलं. उभं राहून, कोट सावरून, कलमांसकट. दादाने मध्ये एक-दोन भाबडे आक्षेप घेतले, ते तिने चहाचा घोट घेत उडवून लावले. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. चहावाला किटली घेऊन तिथेच उभा राहिला. तिचं संपलं तेव्हा कोपऱ्यात बसलेले एक पिकल्या मिशांचे गृहस्थ हातातलं वर्तमानपत्र घडी करत जवळ आले.

"मैडम, मेरा भी मकान का ही मामला है. चार साल से चल रहा है. आप लेंगी?"

वहिनीने पर्स उघडली, कार्ड शोधलं, आणि मग तिला आठवलं की कार्ड तिने अजून छापलेलंच नाही. तिने त्या गृहस्थांच्या वर्तमानपत्राच्या कडेला आपला नंबर लिहून दिला, नाव लिहिलं, आणि नावाआधी क्षणभर थांबून, पहिल्यांदाच, 'अ‍ॅड.' असं लिहिलं. गृहस्थ नमस्कार करून गेले. दादा आणखी दोन समोसे सांगायला उठला.